पागोळीखालची जर्मन नळी

त्या प्रकरणाचा विषय निघाला की अजूनही माझ्या डोळ्यांपुढे मामलेदार कचेरीतले एक लांब टेबल उभे राहते, आणि त्यावर ओळीने मांडलेल्या चार गंजक्या नळ्या. चोरीच्या दागिन्यांची, भांड्यांची, एकदा तर म्हशींचीही ओळख परेड मी घेतली होती. मोटारीच्या नळीची मात्र ती पहिली आणि शेवटची.

गोवा घटक राज्य होऊन थोडाच काळ झाला होता. भाषेचे मोर्चे थांबले होते, बंदोबस्त उठला होता, आणि डिचोलीच्या ठाण्यात आम्हांला साध्या चोऱ्यांकडे बघायला पुन्हा फुरसत मिळू लागली होती. मी तेव्हा उपनिरीक्षक. शंका घेणे हा आमच्या धंद्याचाच भाग, पण माझ्यात ती जरा जास्तच होती. मी चपातीसुद्धा उलटून बघतो, असे घरात माझ्याबद्दल बोलले जाई.

एके सकाळी बाजारातले एक वजनदार व्यापारी फिर्याद घेऊन आले. त्यांच्या वडिलांनी पोर्तुगीज अमलात घेतलेली, पाठीमागे इंजिन असलेली जर्मन मोटार अजून त्यांच्या दारात होती. जुन्या गाड्यांचा एक शौकीन मुंबईहून ती बघायला आला आणि गरम हवेची मूळ नळी जागेवर नाही, असे त्याने दाखवून दिले. थंड मुलखात इंजिनाने गार हवा ओढली की ते अडखळते, म्हणून हवा आधी थोडी तापवून आत सोडणारी ही नळी. ती नसेल तर शौकिनांच्या लेखी गाडी अपुरी.

"फाटल्या आठवड्या मेरेन आसली ती," व्यापारी म्हणाले. गेल्या आठवड्यापर्यंत ती जागेवर होती, असा त्यांचा दावा. "ड्रायव्हरानच काडल्या. ताच्या पेडण्याच्या बिऱ्हाडार पळयात."

"तुम्हांला कसं कळलं तिथं आहे म्हणून?"

"कोणेतरी सांगलें."

कोणी, ते त्यांना सांगता येईना. मी तेवढे मनात ठेवले.

ड्रायव्हर सावंतवाडीकडचा, त्या घरात कित्येक वर्षे कामाला. आठवडाभर मालकाच्या मागच्या खोलीत राही आणि रविवारी पेडण्याला बायकोकडे जाई. पेडणे ठाण्याला कळवून, दोन पंच घेऊन आम्ही बिऱ्हाडावर गेलो. झडती घ्यावीच लागली नाही. नळी पागोळीखाली तारेने बांधलेली होती, छपराच्या कोपऱ्यातले पाणी पिंपात पडावे म्हणून. त्याची बायको घागर घेऊन दारात उभी होती.

"ती होय? ती आमच्याकडे कधीपासून आसा," ती म्हणाली.

चोर चोरीचा माल पोस्टमनला दिसेल असा टांगत नाही. पण उघड्यावर ठेवून साळसूद बनणारेही मी पाहिले होते. पंचनामा केला, नळी जप्त केली आणि ड्रायव्हरला ताब्यात घेतले.

चौकशीत तो एकच सांगत राहिला. "थोरल्या पात्रांवांनी दिल्यानी माका. टाकून देवची होती." थोरले पात्रांव म्हणजे थोरले मालक, फिर्यादीचे वडील, आणि ते केव्हाच वारलेले. मेलेल्या माणसाचा हवाला देणारे आरोपी मला नवे नव्हते. उठताना तो म्हणाला, "साहेबानू, केस झाली तर माझी नोकरी जायत."

"ती गेल्यातच जमा आहे."

"पात्रांवाकडची नाय. बसची."

सरकारी बसवर चालक म्हणून त्याची निवड झाली होती. आता फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी राहिली होती. नोकराने मालकाच्या घरी केलेली चोरी एकदा कागदावर आली, की ती वाट कायमची बंद. वाईट वाटले, पण प्रत्येक आरोपीचे काहीतरी बुडतच असते, असे म्हणून मी पुढे गेलो.

ओळख परेडसाठी जप्त मालासारख्याच आणखी वस्तू शेजारी मांडाव्या लागतात. म्हणजे तशाच नळ्या शोधणे आले. सगळ्या जर्मन नळ्या सारख्या नसतात, हे मला तेव्हा कळले. मागाहूनच्या नळीत हवेची झडप लोंबत्या वजनाने आपोआप हलते. सुरुवातीच्या नळीत ती हाताने फिरवायची, आणि दांडीपाशी उन्हाळ्याचे नि हिवाळ्याचे अक्षर कोरलेले असते. आमची नळी या दुसऱ्या जातीची. एक वास्कोच्या जुन्या गॅरेजात मिळाली, एक तेरेखोलला कुंडीच्या बुडाशी टेकू म्हणून, एक सर्वणला कोंबड्यांच्या खुराड्यात. एकही गाडीवर नव्हती.

वास्कोचा गॅरेजवाला हसला. "ही? गाडी बोटींतल्यान देंवली म्हणटकच काडून उडयताले. हांगा खंयची थंडी?"

तेरेखोलहून फेरीबोटीतून परतताना ते वाक्य मला कुरतडू लागले. साऱ्या गोव्याने जी नळी गाडी बोटीतून उतरताच काढून फेकली, ती या एकाच गाडीवर गेल्या आठवड्यापर्यंत कशी राहिली?

परेडला व्यापाऱ्यांनी एकही नळी न उचलता बरोबर आमच्या नळीवर बोट ठेवले. मामलेदारांनी तशी नोंद केली. ड्रायव्हरने मान खाली घातली. ओळख खरी होती, यात वाद नव्हता. पण वस्तू ओळखणारा खरेच बोलत असतो, असे थोडेच आहे?

दुपारी मी गाडी ठाण्यात मागवली आणि पंचांसमोर, व्यापाऱ्यांच्या देखत मागचे झाकण उघडले. मूळची सायीच्या रंगाची ती गाडी आता निळी होती, आणि रंगाऱ्याने इंजिनाभोवतीचा पत्राही निळा करून टाकला होता. नळीचा पट्टा जिथे आवळला जातो, तिथेही तोच निळा रंग सलग बसला होता. जप्त नळीवर निळ्याचा ठिपकासुद्धा नव्हता. गाडी रंगवली तेव्हा नळी तिथे नव्हतीच.

"रंग कधी दिला होता?" मी सहज विचारले.

"थोरल्या धुवेच्या लग्नाक," व्यापारी बोलून गेले. त्या मुलीची मुले आता शाळेत जात होती.

तेवढ्यात आमचे हवालदार माझ्या कानाशी लागले. फिर्यादीच्या आदल्याच संध्याकाळी ते ड्रायव्हरच्या पडताळणीसाठी या व्यापाऱ्यांकडे जाऊन आले होते.

मी व्यापाऱ्यांना आत बसवले, चहा मागवला. मुंबईवाल्याशी संगनमत, घरातला वाद, सगळे विचारून झाले. ते मानेनेच नाही म्हणत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हजी आवय."

आईचे अर्धे अंग गेले होते. दर गुरुवारी तिला म्हापशाला डॉक्टरकडे न्यावे लागे, आणि ड्रायव्हरखेरीज कोणालाही ती हात लावू देत नसे. "तो गेलो जाल्यार तिका कोण उखलतलो?" ते म्हणाले. पडताळणी बिघडली की फिर्याद मागे घ्यायची, ड्रायव्हरला मोठ्या मनाने माफ करायचे आणि ठेवून घ्यायचे, असा त्यांचा बेत होता. नळी त्यांनी त्याच्या बिऱ्हाडावर कधीतरी पाहिली होती.

"तुम्ही उचलायचं," मी म्हणालो.

"म्हाका जमना."

मला संताप आला, आणि तो मी लपवला नाही. एका माणसाचे आयुष्य नासवणे त्यांना जमले होते, आईला उचलणे तेवढे जमत नव्हते.

ड्रायव्हरला सोडले. पडताळणीवर त्याच दिवशी 'हरकत नाही' असे लिहिले, आणि खोट्या फिर्यादीचा अहवाल वर पाठवला. मालकाविरुद्ध तुला काही म्हणायचे आहे का, असे त्याला विचारले.

"राग आसा, साहेबानू. पण बेस्तरवारी म्हातारेक म्हापशाक न्हेवची आसा. मगे मी बसवर जातलय."

त्या गुरुवारी खोट्या फिर्यादीची नोटीस बजावायला मी स्वतःच व्यापाऱ्यांच्या घरी गेलो. गाडीचे दार उघडे होते. म्हातारी खुर्चीत, आणि तिच्या एका अंगाला ड्रायव्हर, दुसऱ्या अंगाला तिचा व्यापारी मुलगा. ड्रायव्हर त्याला शिकवत होता. "एक हात पाठीखाली घाला. दुसरो गुडघ्याखाली. घाई करू नका." मुलाने आईला उचलले. तिला यातले काहीच ठाऊक नव्हते.

"तुजे हात इतले कित्याक कांपतात रे?" तिने विचारले.

ड्रायव्हरने मुलाच्या हातांखाली आपले हात धरले आणि म्हातारी सीटवर टेकेपर्यंत काढले नाहीत. मी फाटकाशी थांबलो. नोटीस गाडी परत आल्यावर दिली.

माणूस नकोसा झाला म्हणून त्याला गुन्ह्यात अडकवणारे मी नोकरीत पुष्कळ पाहिले. हवा होता म्हणून अडकवणारा हा एकच. त्यानंतर फिर्याद लिहून घेताना, आरोपी गेल्याने कोणाचा फायदा होतो हे तर मी विचारीच, पण तो गेल्याने कोणाचे अडते, हेही विचारू लागलो. त्या प्रश्नाला लोक लवकर उत्तर देत नाहीत.