भाऊसो मांजराची पाठ

मांजर कसंही टाका, ते पायावरच पडतं, हे माणसं लहानपणी एकदा ऐकतात आणि सोडून देतात. कोल्हापुरात मात्र दोन माणसांनी या एका गोष्टीवरून बारा-तेरा वर्षं भांडण चालवलं, आणि त्यातला एकजण स्वतःच मांजर होता. त्याचं नाव भाऊसो. गूळबाजारात हमाली करायचा, पण त्याला भाऊसो हमाल कुणी म्हणायचं नाही. भाऊसो मांजर म्हणायचे, आणि तो ऐटीत ओ द्यायचा.

हे नाव पडलं गावच्या जत्रेत. मुरगूडच्या पलीकडचं गाव, नव्वदीची सुरुवात. भाऊसोला तेव्हा मिसरूडही फुटलेलं नव्हतं. घर बौद्ध वस्तीत, बाप जोतीराम दुसऱ्याच्या उसात राबणारा. हे पोर लंगोट लावून मैदानात उतरलं तसं कडेला बसलेल्यांतलं कुणीतरी म्हणालं, "वस्तीवरच्यांनी कवापास्नं कुस्ती धरली?" मग गावातल्या बागायतदाराचा थोरला, दुधातुपावर वाढलेला बाळासो हसत पुढं आला. "लावा माझ्यासंगं. पाठीला माती लावून घरला पाठवतो."

कुस्तीचा कायदा साधा आहे. पाठ मातीला टेकली की गडी संपला. बाकी नाक फुटो, दात पडो, ती हार नव्हे. बाळासोनं भाऊसोला उचललं आणि आपटलं. पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. पण दर खेपेला हे पोर हवेतच असं वळायचं, की पडायचं ते पोटावर नाहीतर हातापायांवर. आपटून आपटून बाळासोच दमला. शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली आणि गर्दीतून आवाज आला, "मांजर हाय रं बेणं!"

घरी जाताना जोतीरामानं पोराच्या घामेजल्या पाठीवरून हात फिरवला. "आपल्या आज्या-पंज्यांनी पाठ लई वाकवली," तो म्हणाला. "तू टेकवू नगंस."

बाप बोलून गेला आणि विसरला. पोरानं ते हाडीमाशी मुरवलं.

पुढं दोघंही कोल्हापूरला आले. बाळासो तालमीतच राहायला. घरून तूप, बदाम, खारका. भाऊसो पहाटे तालमीत आणि दिवसभर गुळाचे रवे, त्या जड ढेपा, उचलायला. खरं सांगायचं तर जिंकण्याच्या नावानं भाऊसोचा आनंदच होता. नाव घेण्यासारखी एक कुस्ती त्यानं मारली नाही. पण त्याला आभाळ दाखवणारा गडीही जिल्ह्यात निपजला नाही. बाळासोनं आणखी दोनदा करून बघितलं. शाहूवाडीकडच्या एका जत्रेत तर दोघं इतका वेळ एकमेकांना धरून बसले की लोक वैतागून घरी जेवायला गेले.

मैदानात निकाल लागेना, म्हणून मग वाद दूधकट्ट्यावर आला. संध्याकाळी म्हशीची धार थेट ग्लासात पडायची, फेसानं मिशा पांढऱ्या व्हायच्या आणि बाळासो सुरू करायचा. "मांजर बी कवातरी पाठीवर पडतंय की."

"पडत न्हाय," भाऊसो म्हणायचा.

एकदा बाळासोनं म्हसवाल्याच्या मांजराचं पिल्लू उचललं, उताणं धरलं आणि गुडघ्याच्या उंचीवरून सोडून दिलं. पिल्लू पाठीवर पडलं, क्षणभर तसंच राहिलं आणि लाजल्यागत म्हशीखाली पळालं. कट्टा हसून लोळायला लागला. भाऊसोनं ग्लास ठेवला आणि बाळासोची गचांडी धरली.

"गुडघ्यावरनं टाकतोस व्हय रं? वळायला जागा तरी दे की त्येला!"

"म्हंजे खालनं टाकलं की मांजर चीत. मान्य कर."

"मांजर चीत हुईल. मी न्हाय हुनार."

"मी बघनार एक दिस. डोळं भरून बघनार."

"वाट बघ. म्हातारा हुशील."

कुस्ती सुटली, लग्नं झाली. बाळासोनं टेम्पो घेतला आणि पोट वाढवलं. भाऊसोचा मात्र सुंभ जळला तरी पीळ जाईना. लग्नानंतर सोनूबाईला पहिल्याच आठवड्यात कळलं, की आपला नवरा पाठीवर झोपत नाही. पालथा झोपेल, कुशीवर झोपेल, भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपेल. ती हसली तेव्हा त्यानं घरातल्या तसबिरीकडं बोट दाखवलं. "तथागत बी कुशीवरच निजल्यात. पाठीवर निजल्यालं कुठं बघितलंस?" तिनं उशी सरकवून दिली.

दोन हजार तीन साली लेकीला, दीक्षाला, घरात केबल हवी झाली. शेजारून आणलेली वायर पत्र्यावरून ओढायला भाऊसो वर चढला आणि काठावर त्याचा पाय सरकला.

खाली शेजाऱ्यानं गिलाव्यासाठी आणलेल्या वाळूचा ढीग होता. कुणीही शहाणा माणूस त्या ढिगावर उताणा पडला असता, वाळू झटकून उठला असता आणि घरात जाऊन चहा मागितला असता. पण पाठ खाली चाललीय हे कळताच भाऊसोचं अंग आपोआप वळलं. ढीग चुकला. तो पलीकडच्या फरशीवर उतरला, दोन्ही पायांवर, ताठ. टाचांचा चुरा झाला आणि तोच दणका वर जाऊन कमरेचा मणका फुटला.

सोनूबाई धावत आली तेव्हा तो भिंत धरून बसला होता, घामानं थबथबलेला. "पाठ न्हाय टेकली," तो म्हणाला. पडलो तरी नाक वर म्हणतात, ते याला.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरून बघितला. दीड महिना पाठीवर सपाट पडून राहायचं, कुशीवर वळायचं नाही, मणक्याचा तुकडा सरकला तर दोन्ही पाय जातील, असं त्यांनी सांगितलं.

"मी पाठीवर झोपत न्हाय," भाऊसो म्हणाला.

"आता झोपायचं."

"जन्मात झोपलो न्हाय."

डॉक्टरांना वाटलं, इंजेक्शनचा अंमल आहे. पण नर्स उताणं करायला लागली, की हा खाटेचा लोखंडी दांडा धरून, दातओठ खात, पाठ टेकायच्या आत कुशीवर व्हायचा. तिनं वाळूच्या पिशव्या लावल्या, यानं त्या ढकलल्या. दोन-तीन दिवसांत डाव्या पायाची बोटं बधिर झाली. सोनूबाईनं चिमटा काढला, त्याला कळला नाही. आता ती भडकली.

"मामंजींनी तुमास्नी काय सांगितलं हुतं? दुसऱ्याम्होरं पाठ टेकवू नगंस, आसंच न्हवं? का आंथरुनात पडून बायकूकडनं धुवून घे आसं सांगितलं हुतं?"

"सोने, तुला न्हाय कळायचं."

"मला न्हाय कळत? मी बी त्याच वस्तीवरची हाय. तुमी पाठ वाचवायला बसलायसा, आन पाय चाललं. उद्या उभंच ऱ्हाता आलं न्हाय तर कुनाम्होरं ताठ उभं ऱ्हानार?"

भाऊसोला राग आला होता, आणि तो सोनूबाईवर नव्हता, स्वतःवरच होता. बोटं हलवून बघितली. उजवी हलली, डावी हलली नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला खरी भीती वाटली.

तेवढ्यात बाहेरून ओळखीचा आवाज आला. बाळासो कुणाला तरी खाट विचारत होता. सोनूबाई ताडकन उठली. "मी दारातच थांबवते. निजल्यात म्हनून सांगते. तंवर तुमी गुमान उताणं व्हा. तेंच्या म्होरं नगं."

पंधरा पावलांवर बाळासो होता. आत्ता पटकन पाठ टेकवली, तर कुणाला दिसणार नव्हतं. आणि नेमकं तेच भाऊसोला सोसेना. लपून टेकवायची? चोरासारखी? मग गावच्या मैदानापासून इतकी वर्षं ती जपली कशासाठी?

"येऊ दे त्येला," तो म्हणाला. "हितं उभा कर. माझ्याम्होरं."

बाळासो आत आला. हातात शहाळं, चेहरा पडलेला. बोलायला तोंड उघडलं, पण भाऊसोनं हात वर केला.

"बोलू नगंस. बघ."

त्यानं सोनूबाईच्या खांद्याचा आधार घेतला, पिशव्या काढायला लावल्या आणि स्वतःला हळूहळू वळवायला सुरुवात केली. आधी खांदा. मग बरगड्या. कपाळावर शिरा तटतटल्या. शेवटी पाठ पूर्ण खाली गेली आणि वरचा गरगरणारा पंखा समोर आला. आयुष्यभर जे बाळासोला जमलं नाही ते झालं होतं, आणि ते भाऊसोनं आपल्या हातानं केलं होतं.

"टेकली," तो धापा टाकत म्हणाला. "तू टेकवली न्हाईस. कुनीच टेकवली न्हाय. माझी मी टेकवली."

बाळासोनं तोंड फिरवलं होतं. तो खिडकीकडं बघत होता.

"बाळासो, हिकडं बघ."

"न्हाय बघत," बाळासो तसाच पाठमोरा म्हणाला. "मला न्हाय बघायचं."

"बघ म्हनतोय न्हवं!" भाऊसो असा ओरडला की सगळा वॉर्ड उठून बसला. "दीड महिना हाय, तंवर बघून घे, मर्दा. एकदा का मी उठून हुबा ऱ्हायलो, तर मरूस्तवर पुन्ना दिसायची न्हाय!"