डॅशबोर्डातले स्पीकर आणि पारगावचे पाहुणे

बहिणीचं लग्न मोडायचा माझा मुळीच विचार नव्हता. मी फक्त गाडीला स्पीकर बसवत होतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दादांनी (म्हणजे वडिलांनी) पेठेतल्या एका डॉक्टरांची जुनी मोटार घेतली होती. मंदाची सुपारी फोडायला पारगावचे पाहुणे यायचे होते. मुलगा मंदाला मनापासून आवडला होता, म्हणून पाहुण्यांना गाणी ऐकवतच घरी आणायचं, असा दादांचा हट्ट.

"मिस्तरीकडं टाकू गाडी," दादा म्हणाले.

"हे परावलंबन आहे!" मी गरजलो. (चळवळीची पत्रकं वाचून वाढलो होतो, बोलायचोही पत्रकासारखाच.) "श्रमाला प्रतिष्ठा द्या!"

मग मी हॅकसॉच्या पात्यानं डॅशबोर्डला दोन भोकं पाडून श्रमाला प्रतिष्ठा दिली. एक स्पीकरपेक्षा मोठं झालं, एक लहान. मोठ्यात पुठ्ठा कोंबला, लहानात स्पीकर. (कशानं, ते विचारू नका. हातोडीनं.) खाली वायरींचं जंजाळ होतं. टेपला वीज द्यायला त्यातली लाल वायर निवडली. लाल रंगावर माझा विश्वास होता!

तपासायला टेपमध्ये माझ्याच हुंडाविरोधी भाषणाची कॅसेट घातली. मी डॅशबोर्डखाली अंग मुडपून बसलो की भाषण दणक्यात सुरू. बाहेर आलो की गप्प. पुन्हा आत, पुन्हा सुरू. काही केल्या कळेना! वैतागून आवाजाचं बटण पिळलं, तर आवाज पूर्ण मोठा होऊन बटण हातात आलं. कॅसेटही आत अडकली. टेप बिघडला असं जाहीर करून मी विषय संपवला.

मुलाचे वडील सीतारामभाऊ स्टँडवरून गाडीत बसले, पुढं, दादांच्या शेजारी. मी मागं. पहिला गतिरोधक आला, दादांनी ब्रेक दाबला आणि सीतारामभाऊंच्या गुडघ्यापाशी गर्जना झाली, "हुंडा मागणारा बाप नव्हे, दरोडेखोर!"

"आरं, कोन बोलतंय?"

ब्रेक सुटला. शांतता.

"रेडू असंल, पावणं," दादा घाम पुसत म्हणाले. तेवढ्यात बैलगाडी आडवी आली. ब्रेक!

"अशा बापाची गावातून धिंड काढा!"

"बंद कर रं त्यो!" दादा मागं वळून ओरडले.

"बटण घरी राहिलंय!"

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. लाल वायर ब्रेकच्या दिव्याची होती! तपासताना माझा गुडघा ब्रेकवर टेकत होता!

"दादा, ब्रेक दाबू नका!"

पुणे-नाशिक रस्त्यावर असा सल्ला कुणी वडिलांना देऊ नये. दादांनी मात्र लेकीच्या संसारासाठी तो पाळला. उसाची ट्रॉली चुकवली, शेळ्या उधळल्या. आमचं घर आलं. दारात पाण्याचा तांब्या घेतलेली आई दिसली, आणि गेलीसुद्धा!

"घर मागं ऱ्हायलं की, राव!" सीतारामभाऊ दाराला गच्च धरून म्हणाले.

"जरा शिवार दावतो!"

शिवार पाहता पाहता गाडी कडब्याच्या गंजीत घुसली. दादांचा पाय भीतीनं ब्रेकवर खिळला आणि उरलेलं भाषण टाळ्यांसकट वाजलं. (टाळ्याही माझ्याच.)

सीतारामभाऊंनी मिशीतला कडबा काढला. "आमी हुंडा मागितला कवा, भाऊ? पोरगी पसंत हाय. एकच अट."

"सांगा," दादांनी हात जोडले.

त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "नवरदेवाच्या गाडीला ह्याचा हात लागता कामा नाय."

हुंड्याशिवाय लग्न लागलं. चळवळीचा हा पहिला विजय मी वरातीच्या पार मागं, गाडीपासून सुरक्षित अंतरावर, पायी चालत साजरा केला!