स्वयंपाकघराकडचा कोपरा

त्या घरात सकाळी सगळं टेबलावर असायचं. चहाचे कप, ब्रेडचा पुडा, इस्त्रीला काढलेले शर्ट, सोलायला घेतलेला मटार, ताईची पर्स आणि बाबांची ती पेन्सिल, जी बाबा तेव्हा कानामागे चाचपत असायचे. टेबल होतंच तेवढं ऐसपैस. हिरवं, मधोमध पांढरी रेघ, एका बाजूला इस्त्रीचा तपकिरी डाग. बाहेरची खोली म्हणजे त्या टेबलाच्या कडेने उरलेली जागा. पाहुण्यांना आत यायचं तर अंग चोरून, भिंतीला पाठ लावत यावं लागे. आई म्हणायची, "आमच्याकडे जाड माणसं येतच नाहीत."

टेबल टेनिसचं ते टेबल बाबांनी स्वतः केलं होतं. बाबा सुतार. एका कामावर चांगलं प्लायवुड उरलं, मालकाने घेऊन जा म्हटलं, आणि दोन्ही पोरं शाळेच्या सुट्टीत घर डोक्यावर घेत होती, तेव्हा बाबांनी चार दिवसांत ते उभं केलं. धाकट्याने पुढची दोन वर्षं त्या टेबलावर, जमिनीवर, भिंतीवर, मिळेल त्या पाठीवर चेंडू आपटला. तेव्हापासून तो टप्पा झाला. शाळेतल्या नावाने हाक मारली तर आता त्यालाच पटकन ओ देता येत नाही.

त्या रविवारी ताई हॉस्पिटलातून ड्यूटी संपवून नुकतीच आली होती आणि उभ्यानेच चहा पीत होती. टप्पा बाबांबरोबर दुकानातल्या एका खिडकीच्या चौकटीबद्दल वाद घालत होता. तेवढ्यात दार वाजलं. बेल बंद होती. सुताराच्या घरात दुरुस्त्या सगळ्यांत शेवटी होतात.

"बघ रे कोण आहे," आई म्हणाली. "पेपरवाला असेल तर सांग, काल पेपर ओला टाकलास म्हणून."

दारात क्लबातले सर उभे होते. टप्पा लहानपणी त्यांच्याकडे टेबल टेनिस शिकला, आणि आता चोविसाव्या वर्षी, दिवसभर दुकानात रंधा मारून झाला की संध्याकाळी त्यांच्याच हाताखाली लहान मुलांना शिकवत होता. सर आधी कधी घरी आले नव्हते.

"सर? काही झालं का?"

"काही नाही रे. मिस्त्री आहेत ना घरात? काम त्यांच्याकडे आहे."

सर भिंतीला पाठ लावत आत आले, आईने पुढे केलेल्या स्टुलावर टेकले आणि थेट मुद्द्यावर आले. क्लबाने मागचा हॉल लहान मुलांसाठी घेतला होता. तिथे टेबलं हवी होती. "हा तुमचा चिरंजीव रोज पोरांना सांगतो, आमच्या बाबांनी केलेलं टेबल म्हणजे एक नंबर. म्हटलं, बघून तरी येऊ. पसंत पडलं तर सगळी तुमच्याकडूनच करून घेऊ."

बाबांचा हात आपोआप शर्टाची बटणं नीट करायला गेला. गेले कित्येक महिने दुकान थंड होतं. लोक तयार दरवाजे आणत होते, आणि बाबांच्या वाट्याला बिजागऱ्या बसवणं आणि अडकलेले ड्रॉवर सोडवणं एवढंच उरलं होतं. असं काम, आणि तेही आपलं नाव ऐकून चालत आलेलं, त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

टप्पा मात्र पटकन टेबलासमोर येऊन उभा राहिला. त्या टेबलात एक खोट होती, आणि ती त्याला माहीत होती.

स्वयंपाकघराच्या बाजूने उभं राहिलं की डाव्या हाताला येणारा कोपरा मेलेला होता. बाकी टेबलावर चेंडू टणटण उडायचा. तिथे मात्र पडला की 'ठप्' व्हायचा आणि ओल्या पिठावर पडल्यासारखा जागच्या जागी बसायचा. लहानपणी टप्प्याने हे आधी हेरलं आणि मग ताईला वर्षभर छळलं. खिडकीकडची बाजू तो सोडायचाच नाही, आणि जिंकायला एक गुण हवा असला की चेंडू त्या कोपऱ्यात. ताई बॅट फेकायची. "हे खेळणं नाही, ही चोरी आहे!" त्यावर हा नाचून दाखवायचा.

मग पहिली स्पर्धा आली. निळं, गुळगुळीत, दुकानातून आणलेलं टेबल. टप्प्याचा हात सवयीने त्याच कोपऱ्यात जात राहिला. चेंडू तिथे छान उडायचा आणि समोरचा मुलगा तो आरामात परत मारायचा. टप्पा पुन्हा तिथेच मारायचा. डोक्याला कळत होतं, हाताला वळत नव्हतं. पहिल्याच फेरीत तो असा हरला की समोरच्याला घामही आला नाही.

परतताना त्याच्या लक्षात आलं, आपल्याला खेळ येतच नव्हता. आपल्याला फक्त एक कोपरा येत होता.

घरी बाबांनी विचारलं, "काय झालं रे?" दिवसभर फळ्या उचलून आलेले बाबा, हातावर भुसा, डोळ्यांत उत्सुकता. "समोरचा भारी होता," टप्पा म्हणाला. खरं फक्त ताईला सांगितलं. रागाच्या भरात टेबलावर खापर फोडणं सोपं होतं. पण ज्या माणसाची चौकट गुण्या लावून पाहिली तरी काटकोनाला केसभरही चुकत नाही, त्याला 'तुमचं टेबल चुकलंय' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याने दुसराच मार्ग धरला. घरी खेळताना तो कोपरा स्वतःला बंद करून टाकला. चुकून चेंडू तिथे पडला तर गुण ताईचा. ताई खूश. सुरुवातीला तो रोज हरला. मग हळूहळू त्याला उरलेलं टेबल दिसायला लागलं, आणि मग समोरचा माणूसही दिसायला लागला. पुढे तो सरांच्या क्लबात गेला, संघातही आला. फार मोठा खेळाडू झाला नाही, पण त्याच्याकडे शिकणारी पोरं त्याला सोडून जात नाहीत. आपलं कुठे चुकतंय हे हसं न करता सांगणारा असा दुसरा कोणी त्यांना भेटलेला नसतो.

आणि आता सर उठून म्हणत होते, "चल, एक डाव होऊन जाऊ दे."

"बशा उचला," आईने हुकूम सोडला. मटार, शर्ट, पुडा सगळं पलंगावर गेलं. बाबांनी खिळ्यावरची जाळी काढून मध्ये बसवली.

"सर, तुम्ही या बाजूला उभे राहा," टप्पा घाईने म्हणाला आणि त्यांना स्वयंपाकघराकडे वळवलं. "इकडे खिडकीशी मागे सरायला जागा नाही." म्हणजे मेलेला कोपरा सरांच्या बाजूला गेला. आता तिथे चेंडू टाकायचा की नाही, हे टप्प्याच्या हातात होतं.

खेळ सुरू झाला. टप्पा सरांच्या उजव्या हाताला मारत होता, मध्ये मारत होता, जाळीला लागून पलीकडे ठेवत होता. सर सरकत सरकत उजव्या भिंतीला टेकले. त्यांची डावी बाजू सताड मोकळी पडली.

"कोपऱ्यात मार की!" बाबा म्हणाले. "एवढं मोकळं पडलंय, आंधळ्यालाही दिसेल."

टप्प्याने जाळीत मारला.

"अरे! काय हे?"

"त्याला कोपऱ्याची भीती वाटते, बाबा," ताई कपाच्या आडून म्हणाली. टप्प्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिने कप आणखी वर धरला.

सर थांबले. "टप्पा, तू मला जिंकू देतोयस का?"

"नाही सर. हात बसत नाहीये आज."

बाबा खुर्चीवरून उठले. एकदा लेकाकडे पाहिलं, एकदा टेबलाकडे. मग चेंडू उचलला आणि त्या कोपऱ्यावर वरून सोडला. ठप्. चेंडू तिथेच बसला.

टप्प्याचे कान लाल झाले.

"सर, इथे आधाराची पट्टी नाही," बाबा म्हणाले, जसं काही गिऱ्हाइकाला कुलूप कुठल्या बाजूने उघडतं ते सांगत होते. "खाली वाकून बघा. कडेपर्यंत जायला हवी होती. वीतभर मीच कापली. फळी पोकळ पडली, म्हणून चेंडू उठत नाही."

"तुम्हाला माहीत होतं?" टप्प्याच्या तोंडून निघून गेलं.

"मीच कापली म्हटल्यावर मला नाही तर कोणाला माहीत असणार?"

"पण का कापली?"

बाबांनी आईकडे पाहिलं. "अहो, जाऊ द्या ना," आई म्हणाली.

"हिचा गुडघा," बाबा म्हणाले. "जिन्यावरून पडली होती ना, तेव्हा पाय दुमडत नव्हता. या कोपऱ्याशी बसायची आणि उठता-बसता त्या पट्टीवर आपटायची. तोंडातून शब्द काढेल तर शपथ. एक दिवस मला निळा डाग दिसला. लगेच करवत लावली. म्हटलं, पोरं काय, घरातल्या घरात खेळणार. हा क्लबात जाईल, स्पर्धा खेळेल, हे कुठे माहीत होतं?" मग ते थांबले. "पण तुला कधी कळलं?"

"पहिल्यापासून," उत्तर ताईनेच दिलं. "पहिल्या स्पर्धेत ह्याने कोपऱ्यात मारून मारून स्वतःलाच हरवलं."

बाबांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे..."

"समोरचा भारी होता, बाबा," टप्पा म्हणाला. तेव्हा सांगितलं होतं तेच, तसंच.

सरांनी घसा साफ केला. बाबा त्यांच्याकडे वळले. "तुमच्या टेबलांना पट्टी शेवटपर्यंत जाईल. आधी एकच करतो. खेळून बघा. नाही पटलं तर परत आणतो."

"करा," सर म्हणाले. "पण तपासायचं टप्प्याने. चांगल्या कोपऱ्यावर शिकलेल्याला वाईट कोपरा कुठे कळतो?"

सर चहा घेऊन, भिंतीला पाठ लावत गेले. दार लागायच्या आत बाबांनी पेन्सिल शोधायला घेतली. ती कानामागेच होती. दुकानात चांगली पट्टी पडलीय, आत्ता आणतो, तासाभराचं काम, असं म्हणत त्यांनी पायात चपला सरकवल्या. "हिचा पाय आता बरा आहे. एवढी वर्षं ही खोट घरात ठेवायचं कारण नव्हतं."

आई मटार घेऊन पुन्हा आपल्या जागी बसली होती. त्याच कोपऱ्याशी. उजवा पाय टेबलाखाली सरळ लांब केलेला, एक शेंग दाताने फोडत. टप्पा बघत राहिला. इतक्या वर्षांत तिला दुसरीकडे बसलेलं त्याने पाहिलं नव्हतं, आणि का, हे कधी विचारलंही नव्हतं.

तो दारापर्यंत गेला आणि बाबांच्या हातातली दुकानाची किल्ली हळूच धरली.

"बाबा, क्लबाची टेबलं हवी तेवढी सरळ करा," तो म्हणाला. "आपला कोपरा तेवढा तसाच राहू द्या."