घडी न मोडलेली साडी

आमच्याकडं आहेरात आलेल्या साडीची घडी कोणी लगेच मोडत नाही. घडी मोडली की ती नेसावी लागते आणि नेसली की ती आपली झाली. घडी शाबूत असेल तर ती पुढं कोणाच्याही ओटीत घालता येते. इकडच्या कुठल्याही घरातलं कपाट उघडून बघा, खालच्या खणात अशा साड्यांची चळत निघेल, आणि त्यातल्या काही साड्या त्या घरच्या बाईपेक्षा जास्त गावं फिरून आलेल्या असतील. मी शाळेत शिकवते, बऱ्यापैकी वाचते, पण या बाबतीत मीही चारचौघींसारखीच.

लेकीच्या साखरपुड्यात विहीणबाईंनी मला जी साडी दिली, ती मात्र पुढं सरकवायची नाही असं मी ठरवलं होतं. मोरपंखी रंग, काठाला बारीक जर. विहीणबाईंनी तिच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं, साडी माझ्या ओटीत घातली आणि मांडवातल्या सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हैदराबादहून आणली बरं का इहीनबाई, खास तुमच्यासाठी." बाया माना डोलवत होत्या. हळदीच्या दिवशी हीच नेसायची, म्हणजे विहीणबाईंचा मान राहील, हे मी तिथंच मनाशी पक्कं केलं.

म्हणून बस्त्याच्या दिवशी मी ती साडी पिशवीत टाकून हिंगोलीला नेली. परकर आणि ब्लाउजचं अस्तर घ्यायचं होतं. मोरपंखी रंग तोंडी सांगून कुठं जुळतो? कापडाला कापड लावूनच बघावं लागतं. पण घडी मी तेव्हाही मोडली नव्हती. नेसायच्या दिवशीच मोडायची, असा माझा हट्ट.

आम्ही कनेरगाव नाक्याकडचे, पाहुणे सेनगावचे. बस्ता म्हणजे दोन्हीकडची मंडळी एकाच दुकानात बसून लग्नाचे सगळे कपडे घेतात, आणि त्या एका दिवसात सोयरे एकमेकांना जेवढे कळतात तेवढे पुढं वर्षभरात कळत नाहीत. दुकान मोठं होतं, काचेचं, आत गारेगार. बस्तेवाल्या गिऱ्हाइकांची खास बडदास्त होती. गाड्या मागच्या मोकळ्या जागेत लावायच्या आणि मागच्याच दारानं आत यायचं. आत पांढऱ्या गाद्या घातलेल्या, चहा तयार. पिशव्या बाहेर ठेवा असंही आम्हाला कोणी म्हटलं नाही. पुढच्या दारानं येणाऱ्या सुट्या गिऱ्हाइकांना मात्र पिशव्या ठेवून, टोकन घेऊन आत यावं लागत होतं. मला तेव्हा त्या मानाचं बरंच वाटलं होतं, हे कबूल करते.

दुपारपर्यंत साड्यांचे ढीग लागले. विहीणबाई ज्या साडीवर बोट ठेवतील ती घ्यायची, एवढा साधा कारभार. लेक गप्प बसून मान हलवत होती. पुरुष मंडळी कोट आणि सफारी बघायला वरच्या मजल्यावर गेली, तेव्हा मी म्हटलं, चला, समोरच्या गल्लीतून अस्तर घेऊन येऊ. विहीणबाईही पाय मोकळे करायला निघाल्या. समोरची गल्ली, म्हणून आम्ही तिघी पुढच्या दारानं निघालो.

त्या दाराला दोन बाजूंना दोन पांढरे खांब होते. आधी विहीणबाई गेल्या, मग लेक गेली. मी पाऊल टाकलं आणि ते खांब बोंबलायला लागले.

मला आधी वाटलं, कुठं आग लागली. मी इकडंतिकडं बघितलं, तर सगळं दुकान माझ्याकडं बघत होतं. खाकी कपड्यातली एक बाई पुढं आली, माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "मावशी, मागं या." मी मागं आले, आवाज थांबला. "आता फिरून जा." मी गेले, पुन्हा बोंब. मग तिनं माझी पिशवी मागितली आणि ती नुसतीच दारातून नेली. खांब पुन्हा ओरडले.

पिशवीत काय होतं? पाण्याची बाटली, चष्म्याचं घर, पाकीट आणि ती साडी. मी काहीही केलेलं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी मी काउंटरचा कठडा धरला. खरं सांगते, त्या क्षणी मला स्वतःचाच भरवसा वाटेना. चुकून एखादी साडी ओढली जाऊन पिशवीत पडली असेल का, असंही मनात येऊन गेलं.

मॅनेजर आला. तरणा होता, इस्त्रीचा शर्ट, बोलायला फार सभ्य. शिवी दिली असती तर मी भांडले असते, भांडायला मी काही कमी नाही. पण तो हळू आवाजात "मॅडम, जरा बाजूला या" म्हणाला आणि मी निमूट बाजूला झाले. त्यानं साडी काढली, घडीच्या आत बोटं घातली आणि चाचपून, पदराच्या आतल्या थरात अडकवलेलं एक पांढरं, चपटं प्लॅस्टिकचं बटण वर केलं.

"हा आमचा टॅग आहे मॅडम. बिल दाखवता का?"

"साडी माझी आहे," मी म्हटलं. पुन्हा म्हटलं, "माझी आहे. आहेरात आलेली."

"कोणाकडून?"

हाताच्या अंतरावर विहीणबाई उभ्या होत्या. लेकीपाठोपाठ दारातून परत आत आल्या होत्या आणि काचेतल्या बाहुलीला नेसवलेल्या शालूचा पदर बघत होत्या. असा बघत होत्या की जणू त्या माझ्यासोबत आलेल्याच नव्हत्या.

आता मी काय सांगू? या बाईनं दिली म्हटलं, तर तो त्यांच्याकडं बिल मागणार. साडी हैदराबादची म्हणून शंभर बायांपुढं दिलेली, आणि टॅग निघाला हिंगोलीतल्या या दुकानाचा. म्हणजे एक तर त्या खोटं बोलल्या, नाही तर त्याहून वाईट काहीतरी. आणि ते भर दुकानात वदवून घेणारी कोण, तर नवरीची आई. सोयरीक तिथल्या तिथं मोडली असती. गप्प बसावं तर मी चोर, आणि चोराच्या घरची पोरगी कोण करतं? लग्नपत्रिका वाटून झालेल्या होत्या. दोन्ही बाजूंनी माझ्या लेकीचंच नशीब जाणार होतं. मला घाम फुटला, त्या गारेगार दुकानात.

"पाहुण्यांनी दिली," मी म्हटलं.

"मग लावा त्यांना फोन. ते इथून घेतली म्हणाले की विषय संपला." त्यानं खरंच माझ्यापुढं मोबाईल धरला.

मी मोबाईलकडं बघत राहिले. मागं माणसं जमली होती. एका पोरीनं स्वतःचा फोन वर धरलेला दिसला, आणि हे सगळं संध्याकाळपर्यंत माझ्या शाळेच्या पोरांच्या घरात पोचेल असं वाटलं. कोणीतरी हिंदीत म्हणालं, "अच्छे घर की दिखती है." त्या "दिखती है"नं मला जेवढं लागलं तेवढं चोर म्हटल्यानंही लागलं नसतं. आणि वरून लेकीचे बाबा उतरले तर? ते रागीट. ते कोणाचं काही ऐकून घेणार नाहीत, सगळं बोलून मोकळे होतील. मी जिन्याकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, आत्ता येऊ नका, आत्ता नका येऊ.

"मॅडम, नाहीतर आम्हाला पोलिसांना कळवावं लागतं. मालकांचा नियम आहे."

पोलीस म्हटल्यावर मला रडू आलं. रडू आल्याचा इतका राग आला की त्या रागानंच माझं तोंड उघडलं. "हे कुंकू बघा," मी म्हटलं. "कोपऱ्याला बघा. मला ओटीत घालताना लावलेलं कुंकू आहे हे. तुमच्या दुकानातल्या साड्यांना कुंकू लावून ठेवता का तुम्ही?"

त्यानं वाकून बघितलं. बोटाचा सुकलेला ठसा होता, हळदीचा आणि कुंकवाचा. मग त्यानं खाकी बाईला साडी पूर्ण उलगडायला सांगितली. माझ्या डोळ्यांदेखत काउंटरवर घडी मोडली. आतल्या थरातून दोन पिवळे तांदूळ खाली पडले. आणि आतल्या बाजूला, पदराजवळ, कुंकवाचा आणखी एक ठसा होता. जुना, विटलेला, बाहेरच्या कापडावरही थोडा उतरलेला.

म्हणजे माझ्या आधी ही साडी आणखी कोणाच्या तरी ओटीत जाऊन आली होती, आणि तो ठसा आत दडेल अशी घडी कोणीतरी फिरवली होती. हैदराबाद तर लांबच, ती कोणत्या तरी सोयऱ्याच्या कपाटातून आली होती. आहेर फिरवला होता. आपण सगळ्याच फिरवतो, त्यात चोरी कसली? पण तो नवरीच्या आईला, साखरपुड्यात, हैदराबादचं नाव लावून दिला होता. विहीणबाई काहून गप्प होत्या ते मला त्या ठशानं सांगितलं. त्यांना माझी नाही, स्वतःच्या बोलण्याची लाज राखायची होती.

मॅनेजर टॅग हातात घेऊन कोणाशी तरी बोलला, मग परत आला. चेहरा बदललेला. "सॉरी मॅडम. हा माल आम्ही बंद केला त्याला दोन दिवाळ्या झाल्या. त्या वेळी कोणाच्या तरी बस्त्यात गेलेली दिसते. ढीगभर साड्यांत एखाद्या साडीचा टॅग काढायचा राहतो, आणि बस्तेवाले मागच्या दारानं जातात, तिकडं मशीन नाही. आमचीच चूक."

मी साडी गोळा करायला लागले. जुना ठसा आत दडेल अशी कशीतरी गुंडाळली. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. बहुतेक भीतीनंच.

आणि आता विहीणबाई बोलल्या. "आमच्या इहीनबाईला चोर म्हणता व्हय? माणसं वळखता येत न्हाईत तर दुकानं कशाला घालता? मालकाला बोलवा तुमच्या!" सगळं दुकान दणाणलं. मॅनेजर हात जोडत होता, कोणीतरी थंड पेयाच्या बाटल्या आणल्या. विहीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी झटकला नाही.

वरून मंडळी उतरली. लेकीचे बाबा म्हणाले, "काय झालं? तोंड काहून उतरलं?" विहीणबाई म्हणाल्या, "कुठं काय, उकाड्यानं तकलीफ झाली त्यायला." मीही मान हलवली. गाठोडी बांधली आणि आम्ही मागच्या दारानं निघालो.

घरी आलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. लेक माझ्यासाठी पाणी घेऊन आली आणि शेजारी बसली. होणाऱ्या सासूला ती आत्याबाई म्हणायला लागली होती. मी मनातल्या मनात दिवसभर एकाच माणसाशी भांडत होते, विहीणबाईंशी. साडी कोणी दिली हे ठाऊक असून ती बाई गप्प बसली, हेच घोकत होते. आणि लेकीचा चेहरा बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की हे ठाऊक असलेलं आणखी एक माणूस तिथं उभं होतं. साखरपुड्यात ती माझ्या बाजूलाच पाटावर बसली होती.

तीच म्हणाली, "आई, मी बोलणार होते. तोंड उघडलं बी होतं."

"मग?"

"आत्याबाई माझ्याकडं बघून राहिल्या होत्या."

मी तर त्यांना शालूकडं बघताना पाहिलं होतं. मी मोबाईलकडं आणि जिन्याकडं बघत होते, तेवढ्यात त्यांनी नजर वळवली असणार. एका नजरेत माझी पोरगी गप्प झाली. माझी, जी घरात बापालाही उलट बोलायची, वर्गात सरांशी हुज्जत घालायची ती पोरगी. पोलिसांचं नाव ऐकून जेवढी भ्याले होते त्याहून मी त्या वेळी जास्त भ्याले. लग्न मोडावं असं मला वाटलं. ओठांवर आलंही. पण पत्रिका गेलेल्या, बस्ता झालेला, आणि लेक म्हणाली, "जाऊ दे आई, झालं गेलं." मी गप्प बसले.

लग्न चांगलं झालं. हळदीला मी तीच साडी नेसले, आता घडी मोडलेलीच होती. विहीणबाईंनी पाव्हण्यांना कौतुकानं दाखवली. जावई भला माणूस आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

लेकीचा फोन येतो, दर दोन-चार दिवसांनी. मी विचारते, कशी आहेस, जेवतेस का, काही त्रास तर नाही ना. ती म्हणते, "सगळं बराबर हाय आई." आवाज हसराच असतो. मी फोन कानाला घट्ट धरते आणि ती बोलायची थांबते तेव्हा ऐकत राहते, तिच्याजवळ तेव्हा कोण उभं आहे ते.