छपराखालचं जनावर

१९७० साल. मी सतरा वर्षांचा. ट्रंक डोक्यावर घेऊन कोकणातल्या घरापुढच्या खळ्यातून निघालो तेव्हा गोठ्यातली कपिला हंबरली. आमचा गोठा वेगळा नव्हता, घराच्याच कौलांखाली होता. आई म्हणाली, "खंयव ऱव, चवथीक घराक ये."

घाटकोपरला कारखान्यात लागलो, डोंगरावर खोली केली, पण गावचा गणपती एकदाही चुकवला नाही. रजा नाकारली तर नोकरी सोडायचो. मे महिन्यात कौलं चाळायला, फुटकी काढून पावसाआधी नीट बसवायला, मीच चढायचो. मुंबईत गणपती आणला नाही. घर एक, गणपती एक. दुसरा आणला की भाऊ वेगळे झाले, हे सगळा गाव समजतो.

यंदा मे महिन्यात जमलं नाही, आषाढात गेलो तर घर पाडून होमस्टे उभं. धाकटा भाऊ वसंता, त्याने मला कळवलंही नव्हतं. म्हणाला, "दादा, चवथीक तुका चार नंबरची रूम ठेवलंय. तीन दिवस ऱव, मगे गेस्ट येतले."

चार नंबर म्हणजे गोठ्याची जागा.

"मगे माका दाव्याक बांधतलंस काय?" मी विचारलं. तो हसला. मी पाणी न पिता एसटीत बसलो.

घाटकोपरला खोलीवर पोचलो त्या संध्याकाळी नात नेत्रा मार्करने टाइल्सवर काहीतरी गिरवत होती. सिरियली बघून तिला कोरियन शिकायचं वेड लागलंय.

"आजोबा, हे बघ ना. अक्षर चिनी, पण कोरियातपण वापरतात. तिकडे 'गा' म्हणतात. म्हणजे घर. वर छप्पर, खाली डुक्कर."

"आणि माणूस कुठे गेला?"

"नाहीच आहे. कोण म्हणतं डुकरं घरात पाळायचे, कोण म्हणतं पूर्वजांपुढे त्यांचा बळी द्यायचे. नक्की माहीत नाही. पण घरातली माणसं म्हणायला पण हेच. आणि चित्रकार वगैरे, जो आपल्या कामात मुरला, त्याच्या नावाला पण हेच लागतं."

"आणि जन्मभर कौलं चाळली त्याला?"

तिने छपराची रेघ मार्करने परत गिरवली.

मी चौथी नापास, पण हे अक्षर मला लगेच कळलं. आई आम्हाला गोठ्यातल्या जनावराचं चारापाणी बघितल्याशिवाय पानावर बसू देत नसे. छपराखालच्या जिवाला आधी विचारायचं, ते घर. वसंताने मला विचारलं नाही. नंबर दिला.

गावाकडच्यांनो, चार नंबर गेस्टला द्या. इकडे आलेल्यांनो, आपली कौलं जागेवर आहेत का बघून या.

मूर्तिकाराकडे आपला पाट नेऊन द्यावा लागतो, त्यावरच मूर्ती घडते. पाट बदलू नये म्हणून खाली खूण करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, नेत्राकडून पाटाखाली ते छप्पर आणि डुक्कर काढून घेतलं, आणि पाट काखेत मारून घाटकोपरच्याच मूर्तिकाराकडे गेलो.