कव्हरावरचं कडवं

महानंदाबाईंना स्वप्नं पडायला रात्र लागत नसे, एस.टी.ची खिडकी पुरे व्हायची. नांदेडहून निघालेल्या गाडीनं लोहा मागे टाकलं आणि बाईंचे डोळे अर्धे मिटले. बाहेर एप्रिलचं ऊन. नांगरून टाकलेली काळी रानं, बांधावरची एखादी बाभूळ, मधूनच उसाचा हिरवा तुकडा, असं सगळं आळसावून मागे सरकत होतं. ओठांवर गाणं कधी आलं ते बाईंना कळलंही नाही.

चुलीपाशी पाटी आली, अक्षर मी काढलं गं
भीमाच्या त्या उजेडात जग माझं वाढलं गं

गाणं त्यांचंच होतं. एकवीस वर्षांपूर्वी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या सुचलेलं. आणि आज त्या लातूरला निघाल्या होत्या त्या हेच गाणं परत मागायला.

आता गाणं म्हणजे काही शेजारणीनं नेलेला खलबत्ता नव्हे, की गेला आणि उचलून आणला. हे बाईंनाही समजत होतं. पण माणूस हट्टाला पेटला की एवढा विचार कोण करतो?

त्यांची गोष्ट अशी. महानंदाबाई गीतं लिहायच्या. भीमाची, बुद्धाची, रमाईची. सोळा पानांची पुस्तिका छापून घ्यायच्या आणि जयंतीच्या मैदानात चादर अंथरून विकायला बसायच्या. नांदेड, अर्धापूर, औसा, जिथे निळा झेंडा लागेल तिथे. गायन पार्ट्या चादरीपुढे उकिडव्या बसत, चाल विचारत; बाई तिथल्या तिथे टाळी धरून म्हणून दाखवत. नवरा निवृत्ती मागे बसून पुस्तिका मोजून देई, आणि बायकोचा आवाज लागला की मोजायचं विसरून जाई. अशा अकरा पुस्तिका झाल्या. त्या पुस्तिकांवर आणि मशीनवर घर चाललं, मुलगी दिपाली शिकून नर्स झाली. निवृत्ती गेला त्या साली बाईंनी दुःख गिळलं ते गाणी लिहूनच.

मग मोबाइल आले. आधी लोक चादरीपुढे उभं राहून पानांचे फोटो काढायला लागले. बाई हसून म्हणायच्या, "काढा काढा, माझाबी एक काढा." पुढे कुणीतरी सगळ्या पुस्तिकांची पीडीएफ करून ग्रुपवर सोडली आणि बाईंचं हसू थांबलं. यंदाच्या जयंतीत दिवसभर चादरीवर ऊन तेवढं येऊन बसलं. एक पोरगी थांबली, पुस्तिका चाळली आणि गोड आवाजात म्हणाली, "मावशी, हे तर फुकट मिळतंय." तिच्या बोलण्यात वाईट काहीच नव्हतं, म्हणूनच ते फार लागलं.

तरीही पोटाचं दुःख बाईंना जुनं होतं, ओळखीचं होतं. दुसरं दुःख मात्र त्यांना मांडताच येत नव्हतं. भीमगीताच्या शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं, ही रीत आहे. गाणारा कुणीही असो, शेवटी लिहिणाऱ्याचं नाव घेऊनच तो गाणं खाली ठेवतो. बाईंचं नाव असं गावोगावी फिरलं होतं. आणि तीन वर्षांपूर्वी लातूरच्या धम्मानंद नावाच्या तरुण गायकानं हे पाटीचं गाणं मोबाइलवर टाकलं. लाखो लोकांनी ऐकलं. आणि शेवटच्या कडव्यात नाव होतं धम्मानंदचं.

तेव्हापासून बाईंनी नाव घालणं सोडलं. बाराव्या पुस्तिकेची वही तयार होती, पण त्यातल्या एकाही गाण्याला शेवटचं कडवं नव्हतं. दिपाली म्हणाली, "आई, एकदा जाऊन विचार तरी." बाई म्हणाल्या, "विचारते. त्यानं माझं नाव दिलं तर ही वही छापीन. न्हाई दिलं तर रद्दीत घालीन." ती वही आता पिशवीत, मांडीवर होती.

अहमदपूर आलं, गेलं. मागच्या सीटवर कुणाच्या तरी मोबाइलवर तेच गाणं वाजायला लागलं. बाई स्वप्नात होत्या की जाग्या, कोण जाणे. त्यांना दिसलं की काळ्या रानात त्यांच्या पुस्तिकांची पानं ओळीनं चालली आहेत. सारी उघडी, बिनाकव्हराची. त्या एकेका पानाला विचारत होत्या, कुणाचं गं तू? पानं लाजून मान खाली घालत होती. चाकूरला गाडी गचका देऊन थांबली आणि पानं विरून गेली.

धम्मानंदचं घर साधं निघालं, पत्र्याचं. लाखो लोक गाणं ऐकतात म्हणजे बंगला असेल, असं बाईंनी मनाशी धरलं होतं. भिंतीला गोधड्या टांगून त्यानं आतली खोली गाणी रेकॉर्ड करायला केली होती. फोनवर बाईंनी नाव सांगितलं नव्हतं, एका गाण्याचं बोलायचं आहे एवढंच म्हटलं होतं. पोरगं पुढे आलं, हात जोडून "जय भीम, मावशी" म्हणालं, पंखा त्यांच्याकडे वळवला, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलं, "माय, चहा टाक वो!"

बाईंचा राग अशा अगत्यापुढे जरा गोंधळला. पण त्यांनी तो आवरून धरला. "पाटीचं गाणं कोणाचं हाय रे बाबा?"

"ते? पीडीएफमधलं हाय, मावशी. कोणाचं ते म्या लई शोधलं." त्यानं मोबाइल काढला, पान सरकवत सोळाव्यावर आणलं. "हे बघा. इथं कडवं संपतंय. नाव न्हाईच. बाकीच्या गाण्यांत हाय, पर असल्या पुस्तकात लई जणांची गाणी असतात. बिननावाचं गाणं कसं खाली ठिवावं? उघडं वाटून राहिलं. म्हणून माझं टाकलं."

महानंदाबाईंनी मोबाइल हातात घेतला आणि बोटानं मागे, पुढे, परत मागे केलं. पहिलं पान होतं. सोळावं पान होतं. कव्हर नव्हतं.

मग त्यांना नांदेडच्या वजिराबादेतला छापखाना आठवला. छपाई करणारे शिवप्पा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले होते, "बाई, एक कडवं उरतंय. चार पानं वाढवा, न्हाईतर कव्हराच्या मागं टाकतो." आणि बाईंनी आनंदानं म्हटलं होतं, कव्हराच्या मागेच टाका! कागद वाचेल हे एक, आणि दुसरं, खरं कारण म्हणजे आपलं नाव असलेलं कडवं पाठीवर ठळक दिसेल, पुस्तिका पालथी पडली तरी दिसेल. हौस होती ती. पीडीएफ करणाऱ्यानं कव्हर काढून टाकलं आणि आतली पानं तेवढी घेतली. ज्या जागी नाव जपायला ठेवलं तिथूनच ते गळालं होतं. आता भांडायचं तरी कोणाशी? बाईंना एकदम थकल्यासारखं झालं.

"गाणं माझं हाय," त्या हळूच म्हणाल्या. "शेवटचं कडवं कव्हरावर व्हतं."

धम्मानंद खुर्चीवरून उठून खाली, त्यांच्या पायांशी बसला. "मावशी, म्हणा. आत्ता म्हणा. मी उद्याच नव्यानं गातो, तुमच्या नावानं."

बाईंनी डोळे मिटले, टाळी धरली, तोंड उघडलं. आणि तोंडातून आलं, "धम्मानंद सांगे तुम्हां..."

त्या थांबल्या. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तीन वर्षं बसमध्ये, लग्नात, चहाच्या हॉटेलात त्याचंच कडवं ऐकलं होतं. ते त्यांच्या कडव्यावर बसून गेलं होतं. घरी त्या सालाची एक पुस्तिकाही नव्हती. शेवटची प्रत मागितली कुणी तर दिली होती. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नाव दुसऱ्यानं नेलं तर माणूस मागायला जातो, पण आपल्याच ओठांवरून गेलं तर जावं कुठे?

तेवढ्यात स्वयंपाकघरातून, कपबश्यांच्या आवाजातून, एक जाड, बेसूर, पण ठाम आवाज आला.

महानंदा म्हणे बाई, नाव माझं लिहून घे
पुसली जरी पाटी तुझी, ओठांवरती राहू दे

धम्मानंदची आई, पार्वतीबाई, चहा घेऊन बाहेर आल्या. "ह्याला म्या कवाच सांगितलं, तुझं कडवं येगळं हाय म्हणून. पर आडाणी मायचं कोण ऐकतंय? औशाच्या जयंतीत घेतलं व्हतं पुस्तक. वाचता येत न्हवतं तवा. शेजारच्या पोरीकडून वाचून घेऊन घेऊन पाठ केलं. मग त्याच पुस्तकावर बोट फिरवून अक्षर शिकले. फाटून गेलं आता." कप बाईंच्या हाती देत त्यांनी उसासा टाकला. "कोण महानंदा व्हती कोण जाणे. लई गुणाची असंल. मेली असंल बिचारी कवाच."

धम्मानंदनं मान खाली घातली.

"न्हाई वो, बाई," महानंदाबाई म्हणाल्या. "जित्ती हाय. तुमच्या घरी चहा पिऊन राहिली."

पार्वतीबाईंना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पदरानं हात पुसले आणि बाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरला. पुढे म्हणाल्या ते एवढंच, "दुसरं काढा की पुस्तक. मोबाइलवर मला दिसत न्हाई. बचत गटातल्या बायांनाबी न्हाई दिसत."

परतीच्या गाडीत बाईंना स्वप्न पडलं नाही. चाकूर येईपर्यंत त्यांनी वही मांडीवर उघडली होती आणि पेन शोधत होत्या. गाडी हलत होती, अक्षर वाकडं येत होतं, पण येत होतं. नव्या पुस्तिकेवर पोट भरेल का, हे काही त्यांना ठाऊक नव्हतं. भरणार नाही असंच वाटत होतं. तरी अहमदपूरपर्यंत पाच गाण्यांना शेवटची कडवी झाली, आणि पाचही ठिकाणी महानंदा आली.

लोह्याच्या अलीकडे रेंज आली तशी त्यांनी छापखान्यात फोन लावला.

"शिवप्पा, बारावी पुस्तिका छापायची हाय. हाव, खरंच. कव्हराच्या मागं काही टाकू नका. चार पानं वाढवा."