सरळ अक्षरांची पिशवी

शेजारच्या शिकवणीवाल्या बाईंनी लाकडाची शंभर इंग्रजी अक्षरं मागितली आणि मिस्त्री हो म्हणून बसले. इंग्रजीशी त्यांचा छत्तीसचा आकडा, पण लाकडाला काय, वळवाल तसं वळतं. वळलं मात्र नाही. एस कापताना तिसऱ्यांदा फळी तडकली, तसे ते वैतागले आणि करवत सरळ चालेल तेवढीच अक्षरं कापून त्यांनी शंभराची भरती केली.

पिशवीत एकही गोल अक्षर नव्हतं. बाईंनी ती टेबलावर ओतली, तेव्हा मिस्त्री बोलणी खायच्या तयारीनं उभे होते. बाईंनी तीन अक्षरं जोडली.

"ॲक्स. म्हणजे?"

"मला काय ठाऊक, बाई."

"कुऱ्हाड."

मग वॅक्स म्हणजे मेण निघालं, नेल म्हणजे खिळा, फाईल म्हणजे कानस. "यात तुमची अख्खी पेटी आहे, मिस्त्री," बाई म्हणाल्या. "उद्यापासून तुम्हीही बसा."

साठाव्या वर्षी मिस्त्री पोरांच्या मागे बाकावर बसले. वर्षभरात रंगाच्या डब्यांवरच्या सूचना घडाघडा वाचायला लागले.

पुढे बाई लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या. मिस्त्रींनी त्याच टेबलावर, त्याच पिशवीतून 'थँक' मांडलं आणि शेजारी वाय ठेवला. इथवर सगळं सरळच होतं. मग खिशातून ओ आणि यू काढून त्यांनी वायला जोडले.

बाईंनी दोन्हींच्या कडांवरून बोट फिरवलं. कुठेही कंगोरा लागला नाही. त्या दोन अक्षरांवर आठ दिवस कानस चालली होती.